तिघींना विचारून ये

एका दिवशी, एका दारात, एकाच शाईनं दोन मुली जन्माला आल्या. दोघींच्या आया वेगळ्या, बाप वेगळे, पाळणे वेगळे. जन्मतारीख तेवढी एक. ती मास्तरांनी दिली.

तेव्हा दोघीही आठ वर्षांच्या होत्या. आठ वर्षांच्या पोरीला पहिलीत बसवायचं नाही असा शाळेचा नियम होता, आणि त्याआधी शाळेत घालायला घराला सवड झाली नव्हती. बारकीची आई दोघींची मनगटं धरून मास्तरांच्या टेबलापुढं उभी राहिली. "सहाच्याच आहेत हो मास्तर. अंगानं भरल्यात जरा." मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. एकीचे पुढचे दात पडून नवे आले होते, दुसरीची वेणी कमरेशी खेळत होती. मास्तर हसले नाहीत आणि बोललेही नाहीत. ज्या मुलाची तारीख घरच्यांना सांगता येत नसे, त्याला ते शाळा उघडण्याचा दिवस देत. तोच दिवस त्यांनी दोघींना दिला आणि वर्ष दोनानं पुढं सरकवलं. शाई वाळायच्या आत दोघी दोन-दोन वर्षांनी धाकट्या झाल्या.

"जुळ्या गं आपण," गुंडी पुढं कितीदा तरी म्हणायची. "शाईच्या पोटच्या."

गुंडी ही बारकीची मावसबहीण. तिची आई गेली तेव्हा मावशीनं, म्हणजे बारकीच्या आईनं, तिला कडेवर मावत नव्हती तरी कडेवरच आणलं. गोल गरगरीत पोर, म्हणून गुंडी. बारकी जन्मली तेव्हा तळहाताएवढी होती, म्हणून बारकी. आता दाराच्या चौकटीला डोकं लागतं तरी बारकीच. एक खोली, एक गॅलरी, गॅलरीत दोघींचं अंथरूण. सातवी झाली आणि घराला एकीच्याच पुस्तकांचा भार पेलेल असं दिसू लागलं, तेव्हा गुंडीनं आपलं दप्तर स्वतःच्या हातानं खुंटीवरून काढून बारकीच्या खुंटीला अडकवलं. "तू बोलतेस बरं. तू शीक. मी हातानं बरी." मावशी शर्टांच्या कारखान्यात इस्त्रीला होती. गुंडी तिच्याबरोबर जाऊ लागली, बटणांच्या मशीनवर बसली, आणि नाव सार्थ केलं म्हणून स्वतःच हसली. तेव्हा ती खरोखर पंधराची होती. कारखान्याच्या मुकादम बाईंनी विचारलं, "वय?" ती म्हणाली, "अठरा." बाईंनी तिच्या हातांकडे पाहिलं आणि घेतलं. कागद कुणी मागितला नाही.

तिला शब्द जुळवायची खोड होती. मशीनचा खटका पडे, त्या तालावर ती ओळी रचायची, आणि बायका धागे कापता कापता त्या उचलायच्या.

*सुई गं सुई बाई, तुझं नेढं बारीक,*
*त्यातून ओवला दिवस, ओवली तारीख.*

बारकी मात्र बोलण्यानं वर चढली. शाळेत एक ताई आल्या होत्या, मोठ्या संस्थेच्या. देशोदेशींच्या मुलींचा एक सल्लागार गट होता त्यांचा. मोठी माणसं मुलींसाठी काही ठरवणार असली की आधी या मुलींना विचारत. तेरा ते सतरा वयाच्या अकरा मुली, नऊ देशांतल्या. त्यात बारकी निवडली गेली. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी शाळेच्या संगणकाच्या खोलीत ती एकटी बसे. पडद्यावर अकरा खिडक्या उघडत, कानात दुभाषी बाईंचा आवाज येई, थोडा मागून, जसा डोंगरातून आपलाच आवाज परत यावा तसा. प्रत्येकीपुढं तीन कार्डं: हिरवं म्हणजे मान्य, पिवळं म्हणजे थांबा, अजून विचार करू, तांबडं म्हणजे नाही.

आणि त्या गटाची एक रीत होती. सल्ला द्यायच्या आधी प्रत्येकीनं तीन मुलींना विचारून यायचं. ज्यांच्याबद्दल बोलायचं, त्यांतल्याच तिघींना. सभेची सुरुवातच त्यानं होई. ताई एकेका खिडकीला विचारत, "कोणाकोणाला विचारलंस?" आणि उत्तर लिहून घेत. बारकीला ही रीत फार आवडायची. पहिल्या वर्षी ती वही घेऊन गल्लीभर हिंडली होती. भाजीवालीच्या पोरीला विचार, पाणी भरणारीला विचार. "आली बघा जनगणना," बायका म्हणायच्या.

मग एक मोठं काम आलं. शर्ट विकणारी एक कंपनी, तिचे शर्ट वीस-बावीस देशांत शिवले जायचे, गुंडीच्या कारखान्यातही. कारखान्यांत लहान पोरी कामाला दिसतात, त्या कशा ओळखायच्या आणि कशा थांबवायच्या, हे तिला या गटाकडून हवं होतं. बारकीच्या डोळ्यांपुढं चिमुरडी उभी राहिली.

चिमुरडी गुंडीच्या कारखान्यात धागे कापायची. बारा वर्षांची. एकदा काज करणारी जागेवर नव्हती म्हणून बाईंनी तिला काजाच्या मशीनवर बसवलं, आणि बोट कापडाबरोबर आत गेलं. नंतर तपासणीचे साहेब आले तेव्हा बाईंनी तिला पुढं करून सांगितलं, "वीसची आहे साहेब, चणच लहान." साहेबांनी तोंडाकडे पाहिलं, मान हलवली, गेले. हे सगळं गुंडीनंच घरी येऊन सांगितलं होतं, हातपाय धुता धुता, आणि बारकी रात्रभर तळमळली होती.

म्हणून तिनं सभेत सांगितलं, "चेहरा बघू नका. कागद बघा. तोंड खोटं बोलायला लावता येतं."

अकराच्या अकरा हिरवी कार्डं वर झाली. लाल स्वेटरवाली, जी कुठल्याशा थंड देशातून बोलायची आणि सहसा कुणाचंच पटवून घ्यायची नाही, तिनं तर दोन्ही हातांनी कार्ड धरलं. ताई म्हणाल्या, "किती थोडक्यात बोललीस! कोणाला विचारलंस गं?"

दोघींना विचारलं होतं, वर्गातल्या. त्यातली एक सुट्टीत काकाच्या दुकानात बसायची. तिसरी? बारकीनं पाणी पिण्याएवढा वेळ घेतला. आदल्या संध्याकाळी ती गुंडीपाशी वही घेऊन बसलीच होती. पण गुंडीचा डोळा लागला होता, हातात अर्धा कप चहा तसाच. हलवून उठवावं असं वाटलं नाही. आणि उठवून विचारायचं तरी काय? एका पांघरुणात वाढलेलं माणूस. तिच्या मनातलं मला ठाऊक नाही का?

"बटणं लावणारी एक मुलगी," बारकी म्हणाली. "वय सोळा." कागदावर तेवढंच होतं.

ताईंनी लिहून घेतलं.

*

काही आठवड्यांनी एका दिवशी गुंडी दुपारी तीनलाच घरी आली तेव्हा बारकी अभ्यासाला बसली होती. गुंडीच्या हातात तिची छोटी कात्री होती आणि टाचण्यांची उशी. त्या दोन वस्तू ती कधी घरी आणत नसे.

"आज लवकर?"

"वाढदिवस होता माझा," गुंडीनं चपला कोपऱ्यात लोटल्या. "मला सोळाच संपलीत असं कळलं. बाईंनी भेट म्हणून सुट्टी दिली. कायमची."

"म्हणजे?"

"म्हणजे कागद मागितले सगळ्यांचे. मी म्हटलं, दाखला आहे की माझा, शाळेचा आहे, शिक्क्याचा आहे. मोठ्या तोऱ्यात नेऊन दिला. अगं, मला वाटलं कागद असला म्हणजे झालं! त्यावर काय लिहिलंय ते विसरलेच होते मी." ती हसली, पण हसू ओठांच्या कोपऱ्यात अडकलं. "लहान होते तेव्हा मोठी म्हणून ठेवलं, मोठी झाले तर लहान म्हणून काढलं. मी बाईंना म्हटलं, बाई, तीन वर्षं काम करतेय, तेव्हापासून अठराचीच आहे, वाढलेच नाही का मी? तर म्हणाल्या, वरून हुकूम आहे. आम्हा पाच जणींना काढलं."

"आणि चिमुरडी?" बारकीनं घाईनं विचारलं. "ती सुटली ना?"

"ती सुटते कसली! तिच्याकडं कागद आहे. तिच्या बापानं मोठ्या बहिणीचा दाखला आणून दिला. बहीण लग्न करून गेली, कागद घरात रिकामाच पडला होता. एकोणीस वर्षांची आहे ती आजपासून. बायका म्हणतात, आता अहो-जाहो करा तिला."

गॅलरीतल्या दोरीवर मावशीची साडी वाऱ्यानं फुगत होती, रिकामी होत होती.

"भिंतीवर लावलंय मोठ्या अक्षरात," गुंडी टाचण्या मोजल्यासारखं करत म्हणाली. "चेहरा बघू नका, कागद बघा. आणि खाली काय लिहिलंय माहितीय? हा सल्ला मुलींनीच दिलेला आहे. कोण गं असतील या मुली? एकदा भेटायला पाहिजे. काय पुण्य केलं असेल त्यांनी मागच्या जन्मी, की त्यांचं इतकं ऐकतात लोक."

"गुंडे..."

गुंडीनं मान वर केली. बारकीचा चेहरा तिनं पाहिला, आणि या एका चेहऱ्याला कागद लागत नव्हता. तो तिला आठव्या वर्षापासून वाचता येत होता.

"तू?" ती म्हणाली.

बारकीनं दप्तरातून गटाची छापील पुस्तिका काढली. का काढली, तिलाही सांगता आलं नसतं. न दाखवणं म्हणजे पुन्हा खोटं बोलणं, ते जमलं नसतं, एवढंच. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात यादी होती: आम्ही कोणाकोणाला विचारलं. गुंडीनं बोट ठेवून वाचलं, सातवीत वाचायची तसं, अक्षर अक्षर चाखत.

"बटणं लावणारी मुलगी. वय सोळा." बोट तिथंच थांबलं. "ही कोण?"

"तू."

"बरं. मग काय म्हणाले मी?"

नऊ देशांत जिचं बोलणं पोचत होतं, ती वहीचा कोपरा मुडपत राहिली.

"नाही, सांग ना," गुंडीचा आवाज अजूनही हळूच होता. "मला ऐकायचंय. मी काय सल्ला दिला? शहाण्यासारखा दिला का? की आपलं काहीतरी अडाण्यासारखं बरळले?"

"तू झोपली होतीस गं. दमली होतीस."

"दमलेल्या माणसाला उठवता येतं, बारके. दिवसभर इस्त्री करून मावशी कामावरून यायची, तिला आपण उठवायचोच की, भूक लागली म्हणून."

तिनं पुस्तिका मिटली, बारकीच्या वहीवर सरळ ठेवली, कडा जुळवून. मग गॅलरीत जाऊन साडीच्या आड बसली. बऱ्याच वेळानं तिकडून आवाज आला. गाणं नव्हतं, नुसतं मोजून टाकलेलं बोलणं.

*बारकीचं बोलणं साता समुद्रांच्या पार,*
*घरच्या उंबऱ्याला मात्र कड्या-कुलपं चार.*

*

चारच दिवसांत गुंडीला दुसरं काम मिळालं. घरी बसून पुठ्ठ्याच्या कार्डांवर बटणं टाचायची, एका कार्डावर सहा. माल आणून देणारी बाई दारातच म्हणाली, "आम्हाला कागदबिगद नको गं बाई, हात चालता पाहिजे." कारखान्यात निदान पंखा होता, दिवा डोक्यावर होता, दुपारी बायकांचं हसणं होतं. इथं गॅलरी आणि मान मोडून बसणं. काढलेल्या पाचांपैकी दुसरी एक गावाकडं पाठवली गेली, तिच्यासाठी स्थळ बघतायत म्हणे. तिसरी कुठं गेली ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

याच आठवड्यात ताईंचा निरोप आला. काही कारखान्यांत करून पाहिलेला हा सल्ला येत्या शनिवारी पक्का करायचा. मग तो बावीस देशांतल्या प्रत्येक कारखान्याच्या भिंतीवर लागेल. आणि पुढच्या महिन्यात मोठी परिषद आहे, तिथं विमानानं जाऊन गटातर्फे बोलायचं आहे. बोलणारी एकमतानं निवडली आहे: बारकी. पासपोर्टसाठी जन्मतारखेचा कागद तेवढा लवकर पाठव.

आईला सांगितलं तेव्हा आईनं इस्त्रीनं भाजून गुळगुळीत झालेला हात तिच्या गालावरून फिरवला. "माझी पोर विमानात बसणार," ती म्हणाली आणि पत्र्याच्या डब्यातून प्लास्टिकची पिशवी काढली. आत दोन दाखले. तेच अक्षर, तोच शिक्का, तोच दिवस. फरक दोनच ओळींचा, नावाच्या आणि आईच्या.

बारकीनं ते दोन्ही शेजारी शेजारी जमिनीवर ठेवले. एका कागदानं एकीला लहान ठरवून खुर्चीवर बसवलं होतं. दुसऱ्यानं दुसरीला लहान ठरवून खुर्चीवरून उठवलं होतं. मास्तरांच्या अक्षरात काहीही फरक नव्हता.

ती गॅलरीत गेली. गुंडी दोरा दातानं तोडत होती. सहा दिवस दोघी एका पांघरुणात पाठमोऱ्या झोपत होत्या.

"विचारायचंय," बारकी म्हणाली.

"वही आणलीस?"

"नाही."

"मग कशी लक्षात राहील? तिसरी मुलगी काय म्हणाली ते विसरतेस तू."

"गुंडे, बोल मला. हवं तेवढं बोल. पण सांग, शनिवारी मी काय म्हणू?"

गुंडीनं एक कार्ड पूर्ण केलं. दुसरं घेतलं. बारकी उठली नाही. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची चेन बसवत होतं, ती निसटत होती, पुन्हा बसवत होतं. तिसऱ्या कार्डाला गुंडी म्हणाली, "मला काय कळतं. मी काय सल्लागार आहे?"

"हो."

सुई थांबली.

"त्या दिवशी साहेब आले ना, चिमुरडीला बघायला," गुंडी हळूहळू बोलू लागली. "चेहरा बघितला. परवा आले, कागद बघितला. दोन्ही वेळा ती समोर उभी होती. तिला कुणी काही विचारलं नाही. बाईंना बाहेर काढून, मशीन बंद करून, बाजूला बसवून, की पोरी, तुला बोट दुखतं का? इथून काढली तर तू कुठं जाशील? तुझ्या घरी कोण काय म्हणेल? मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की मला गॅलरीत आणून टाकू नका. काढायचं ते ठरवलंत. काढल्यावर पोरगी जाते कुठं, ते कुणी बघायचं?"

"हेच सांगते मी. हेच. तुझं सगळं सांगते, तुझं वय, तुझा कागद..."

"माझं नाही." गुंडीनं सुई उशीत खोचली. "माझ्या वयाचं गाऱ्हाणं बावीस देशांत नेऊ नकोस. एकदा न विचारता नेलंस, बास झालं. तुला कागदाबद्दल बोलायचंय ना? तुझा कागद आहे की. तुझं वय सांग."

बारकीला आधी कळलंच नाही. मग कळलं. गटात तेरा ते सतरा वयाच्याच मुली बसत. ती अठरा सरून वर होती. गेले कित्येक महिने ती त्या खिडकीत बसत होती ती त्याच शाईवर.

दारात आई उभी होती. हातातला डबा तसाच. तिनं सगळं ऐकलं होतं.

"वेडबीड लागलंय का दोघींना?" ती म्हणाली. "विमान गेलं तर जाऊ दे, मी विमानासाठी नाही रडत. पण शाळेला कळलं की दाखला खोटा आहे, तर? तिची अकरावी, तिची परीक्षा, सगळं त्या एका कागदावर उभं आहे. मास्तर बिचारे गेले, त्यांचं नाव खराब. आणि खोटं बोलले ते मी. माझ्या तोंडानं बोलले. एकीचं गेलं ते गेलं, म्हणून दुसरीचंही घालवून बसायचं?"

"मावशी," गुंडी म्हणाली, "मी काही म्हणत नाही. तिनं विचारलं, मी सांगितलं. ऐकायचंच असं कुठं आहे? सल्ला आहे तो." आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या ओठाचा कोपरा हलला.

आई त्या दिवशी जेवली नाही.

*

शनिवारी संगणकाच्या खोलीत खडूचा वास होता. अकरा खिडक्या उघडल्या. लाल स्वेटरवाली आज पिवळ्या स्वेटरात होती. ताई म्हणाल्या, "आज लहानशीच सभा आहे. फक्त पक्कं करायचं. पण रीत म्हणजे रीत. बारकीपासून सुरू करू, आज तिचा दिवस आहे. कोणाला विचारलंस?"

"एकीला," बारकी म्हणाली. "आणि मागच्या वेळी दोघींनाच विचारलं होतं. तिसरी मी खोटी सांगितली."

दुभाषी बाईंचा आवाज मागून मागून येत राहिला, मग एकेका खिडकीतला चेहरा बदलत गेला, एकदम नाही, दिवे लागावेत तसा पुढंमागं.

तिनं गुंडीचं नाव घेतलं नाही. बटणांचं, गॅलरीचं काही सांगितलं नाही. स्वतःचा दाखला कॅमेऱ्यापुढं धरला. अक्षर वाचता यावं म्हणून तिनं हात टेबलाला टेकवला. "यात मी सोळाची आहे. मी अठरा पूर्ण केलीत. मला शाळेत घेतलं नसतं म्हणून आईनं दोन वर्षं कमी सांगितली. आमच्याकडं अशा कितीतरी जणी आहेत. ज्या कागदानं मला इथं बसवलं, तसाच कागद बघून आमच्या इथल्या कारखान्यात अठराच्या मुलीला काढलं, आणि बाराची आतच आहे, दुसरीच्या कागदावर. माझं वाक्य चुकीचं आहे. ते भिंतीवरून काढा. निदान पुढच्या भिंतींवर लावू नका."

मग गुंडीनं सांगितलं होतं ते सांगितलं. मशीन बंद करून. बाई बाहेर काढून. काढल्यावर ती कुठं जाते, ते बघून.

ताईंनी चष्मा काढला होता, त्यांचे डोळे त्याशिवाय फार थकलेले दिसत. मग पिवळ्या स्वेटरातल्या मुलीनं काहीतरी पुटपुटलं आणि दुभाषी बाईंच्या आवाजानं ते कानात आणलं: "आमच्याकडं वर्षाचा पहिला दिवस देतात. माझ्या वर्गात नऊ जणी त्या एका दिवशी जन्मल्या."

तिनं पिवळं कार्ड धरलं. थांबा, अजून विचार करू. मग आणखी एक पिवळं. मग तीन. दोन मुलींनी हिरवंच धरलं. त्यातली एक रागावलेली दिसत होती, म्हणाली की तिच्या भागात कागद मागायला लागल्यापासून पोरी खरोखर शाळेत परत आल्या, आता हे मागं घेतलं तर त्यांचं काय? ती म्हणत होती तेही खरंच असणार.

सल्ला त्या दिवशी पक्का झाला नाही. मोडलाही नाही.

बाकीच्या खिडक्या मिटल्यावर ताई थांबल्या. "तू गटात राहू शकणार नाहीस. तुला ठाऊक होतं ना?"

"हो."

"आणि हे मला शाळेला कळवावं लागेल की नाही, मला खरंच माहीत नाही. वर विचारावं लागेल. मी विचारीन तेव्हा तुझ्या बाजूनं विचारीन, पण..." त्यांनी ते वाक्य पुरं केलं नाही. "एक सांगू? ही तीन मुलींची रीत मी घातली, पण कुणी खरंच विचारून येतं का, हे मी कधी तपासलं नाही. तीन नावं आली की पुढं जायचे." मग त्यांचीही खिडकी काळी झाली आणि तिच्यात बारकीचाच चेहरा उरला.

घरी येताना कारखान्याची पाळी सुटत होती. फाटकाशी चिमुरडी दिसली, बोटाला मळकी पट्टी, बायकांच्या घोळक्यात खांद्याएवढी. कुणीतरी मागून ओरडलं, "अहो बाई, डबा राहिला तुमचा!" सगळ्या हसल्या. तीही हसली, वळून पळत गेली, धाप लागेपर्यंत, पोरं पळतात तशी. भिंतीवरचा कागद फाटकातून दिसत होता. वरचा कोपरा सुटून वाऱ्यानं फडफडत होता, पण चिकटून होता.

गॅलरीत गुंडी होती. तिनं मान वर केली नाही.

"गेलं का विमान?"

"गेलं."

"आणि खिडकी?"

"तीही."

"शाळा?"

"माहीत नाही. ताई विचारणार आहेत."

आई आत इस्त्रीच्या कपड्यांची घडी करत होती. तिनं ऐकलं, घडी मोडली, पुन्हा घातली. सोमवारी शाळेतून बोलावणं येईल किंवा येणार नाही, आणि आलं तर आपण काय सांगायचं, हे ती घडीघडीत जुळवत होती.

बारकी गुंडीपाशी खाली बसली. पुठ्ठ्याची कार्डं चळतीनं रचलेली, पांढरी बटणं वाटीत. गुंडीनं सुई आणि दोरा तिच्यापुढं धरला.

"घे, ओव. मला आता दिसत नाही संध्याकाळचं. तुझे डोळे अजून सोळाचे."

"आता नाहीत. अठराचे झाले."

"तरी ओव," गुंडी म्हणाली.

पहिल्यांदा दोरा चुकला. दुसऱ्यांदाही. बारकीनं टोक जिभेवर ओलं केलं आणि सुई उजेडाकडं धरली.